मेळघाटातल्या मिशनची पार्श्वभूमी

मेळघाटात एखादा नवा ख्रिस्ती प्रचारक गावोगाव फिरून राहायला जागा बघू लागला, की धारणी-चिखलदऱ्याकडची चर्चा लगेच मिशनरी कामाच्या चौकशीच्या १९५६ च्या सरकारी अहवालावर जाते. त्याच्या आधीचे फारसे कोणी काढत नाही, म्हणून ते आधी.

नागपुरात स्कॉटिश मिशन १८४५ पासून होते. पण त्याचे पाय शहरात, शाळेत. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींकडे लक्ष गेले १८७० नंतर, आणि १८९० मध्ये खास डोंगरी भागासाठी स्वतंत्र मिशन निघाले. नाव डोंगराचे असले तरी मुख्य ठाणे पायथ्याशी, एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात. कोठाऱ्याची कुष्ठरोग्यांची वसाहतही परतवाड्याच्याच बाजूला. वर न जाण्याला कारणे होती. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद, आणि हिवतापाने भलेभले आडवे व्हायचे. शिवाय जंगल राखीव झाल्यावर वनग्रामातली, म्हणजे जंगलात वसवलेल्या गावातली, जमीन वनखात्याची. कोरकूला ती कसायला मिळायची ती मजुरीच्या बदल्यात. बाहेरच्या माणसाने विकत घ्यायची सोयच नव्हती. गावाची रचनाही अशी, की समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मध्ये मोकळी वाट, कडेला मुठवा देवाचा दगड. आलेला माणूस पाटलाकडून भूमकाकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे, कधी गेला, हे अख्खे गाव ओट्यावर बसून बघते. तिथे लपूनछपून काही करणे अवघडच.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मिशनच्या अनाथालयांत मुले भरली. १९०३ मध्ये एका मिशनऱ्याने लिहिलेले कोरकू व्याकरण कलकत्त्यात छापले गेले. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठी-हिंदीशी नाते नसलेली भाषा, त्यामुळे हे काम सोपे नव्हते. मिशनचे विरोधकही हे मान्य करतात, जरा नाइलाजाने.

आता १९५४. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. सरकारने मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती, आणि ख्रिस्ती सदस्य एकच, तोही गांधीवादी. समितीने १४ जिल्हे पालथे घातले, त्यात अमरावतीही होता. ९९ प्रश्नांची प्रश्नावली वाटली, हजारो लोकांना भेटली. पण चौकशीची ठिणगी पडली होती सरगुजा, रायगढ, जशपूरकडे, म्हणजे आजच्या छत्तीसगडात. तिथल्या तक्रारी आणि सातपुड्यातली परिस्थिती यांत फरक होता. अहवालाची भाषा मात्र सगळ्यांना एकच लागली: धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे त्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, दवाखान्याचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करा. दवाखान्याचा मुद्दा उगाच नव्हता. ताप उतरवणाऱ्या माणसाचे ऐकायला आजारी माणूस तयार असतोच. पण पडियाराच्या, म्हणजे गावच्या मांत्रिकाच्या, अंगाऱ्याखेरीज दुसरा इलाज मैलोन् मैल नव्हता, तिथे सरकारी दवाखाना का पोचला नव्हता, या प्रश्नाला तेवढी धार आली नाही.

गंमत पुढे आहे. एप्रिल १९५६ मध्ये अहवाल सादर झाला आणि १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला. मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा १९६८ चा, त्यामुळे तो मेळघाटला लागूच झाला नाही. कायदा आला नाही, अहवालातला संशय मात्र इथेच मुक्काम करून राहिला.

पुढे परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे आखडत गेले आणि भारतीय मिशनरी संस्थांची, विशेषतः दक्षिणेतल्या, वर्दळ वाढली. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला, नंतर गावांचे पुनर्वसन सुरू झाले. १९९३ च्या बालमृत्यूंनी मेळघाट राज्यभर गाजला आणि स्वयंसेवी संस्थांची रीघ लागली. त्यांतला सेवाभावी कोण आणि प्रचारक कोण, हे गावकऱ्याला कळते, पण तालुक्याच्या बैठकीत दोघांना एकाच काट्यावर तोलतात. धर्मांतरितांना अनुसूचित जमातीच्या यादीतून वगळा, ही मागणीही जोर धरते. अनुसूचित जातींना १९५० पासून असलेली, ठरावीक धर्मांतच असण्याची अट जमातींना नाही, त्यावरूनच हे सगळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने सक्तीच्या धर्मांतराबाबत सात जणांची समिती नेमली, तेव्हा जुना अहवाल पुन्हा बाहेर निघाला.

धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून ग्रामसभेचा शब्द इथे कागदावर तरी वजनदार. वनहक्क कायद्याने २००६ नंतर कसत्या वनजमिनीचे पट्टे मिळू लागले. ते वारसाला जातात, विकता येत नाहीत. मुक्कामाची जागा शोधणाऱ्याला गावात घर बांधायचे म्हटले, तर आधी हाच पेच सोडवावा लागतो.