अंगणवाडी सेविका (सातारा–सांगली परिसर)

अंगणवाडी सेविका : सहा वर्षांखालील मुलांचा आहार, आरोग्याच्या नोंदी आणि शाळापूर्व शिक्षण सांभाळणारी, बहुधा गावातलीच बाई. पोरांसाठी ती ‘ताई’ किंवा ‘बाई’. ‘सेविका’ हे कागदावरचे नाव. त्या नावामुळेच पगाराऐवजी ‘मानधन’ मिळते. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर मान्य झाला.

अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. कल्पना त्याआधीची. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत पाड्यांवरच्या अंगणात मुले जमवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ काढली.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग सकाळी भरतो. जूनमधले पहिले आठवडे रडारडीचे. दाराची चौकट धरून बसलेल्या पोराला ओढून आत आणायचे नसते. त्याच्यापुढे मूठभर चिंचोके टाकून ताई दुसऱ्यांशी गाणे सुरू करते. थोड्या वेळाने ते पोर चिंचोक्यांची रांग लावत आतच सरकलेले असते. मोजणी, रंग, लहान-मोठे हे सगळे असेच खेळातून. पालकांना मात्र पाटीवर अबकड हवे असते, आणि शेजारच्या इंग्रजी नर्सरीशी तुलना चुकत नाही.

मदतनीस खिचडी शिजवते तोवर वजन, उंची, दंडघेर. पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत माप आले की तो लाल पट्टा, म्हणजे तीव्र कुपोषण. मग घरभेटी, आणि मोबाईलवर ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये माहिती भरणे. जावळी-पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात रेंज शोधत वाडीच्या टेकाडावर चढावे लागते, हा कामाच्या यादीत नसलेला भाग.

जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत अनेक मुलांची घरची बोली कन्नड. पाणी मागताना पोर ‘नीरु’ म्हणते, जेवणाला ‘ऊटा’. तिथली जाणती ताई आधी त्याच शब्दांत उत्तर देते, मराठी शब्द मागून जोडते.

कराड-वाळवा पट्ट्यात गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांची मुले येतात. पहाटे आईबरोबर फडात गेलेले मूल वर्गात आणायला ताईला टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, जावे लागते. हंगाम संपला की टोळी गावाकडे परतते आणि वजनाच्या नोंदीत त्या मुलांच्या नावांपुढचे रकाने कोरे राहतात.