गव्हाला पाणी कशाला पाजतात?

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. मिलमध्ये गव्हावर पाण्याचा फवारा, खाली लाल अक्षरांत 'वजन वाढवण्याचा धंदा!' पाणी मारतात हे खरं. बाकीचा शोध व्हिडिओवाल्याचा.

घरी रवा-सपीट काढलेल्या नाशिककर आज्यांना यात नवं काही वाटणार नाही. गहू ओलवायचे, फडक्यात रात्रभर दडपून ठेवायचे, मगच दळायचे. रोलर मिल तेच टनांनी करते.

मुळात अडचण आहे ती दाण्याच्या पोटावरच्या खाचेची. तांदळाचा कोंडा पॉलिश करून बाहेरूनच खरवडता येतो. गव्हाचं साल त्या खाचेतून आत दुमडलेलं असतं. म्हणून दाणा उघडून पांढरा गर आतून खरवडावा लागतो. साल कोरडं असेल तर त्याचा पापडासारखा चुरा होतो, आणि तो मैद्यात मिसळला की कुठल्याच चाळणीला दाद देत नाही. ओलं साल चामड्यासारखं चिवट होतं. तेच पाणी मुरत मुरत आत पोचलं की गराला केसासारखे बारीक तडे जातात आणि तो भुसभुशीत होतो. साल चिवट, गर भुसभुशीत, दोन्ही एकाच पाण्याने! मुरण्याचे तास दाण्याच्या कडकपणावर ठरतात. त्यामुळे निफाडच्या संशोधन केंद्राचा सरबती 'तपोवन' आणि त्याहून कडक बन्सी 'गोदावरी' हे दोन वाण एकाच टाकीत मुरवून चालत नाही.

आता वजनाचं. १० टक्के ओलाव्याचा १०० किलो गहू १६ टक्क्यांवर न्यायला सुमारे ७ किलो पाणी लागतं (६ नव्हे, कारण पाण्याने एकूण वजनही वाढतं). दळताना आणि हवेच्या झोतात त्यातलं काही उडून जातं. आटा-मैद्याला १४ टक्के ओलाव्याची कायदेशीर मर्यादा आहे. वजन थोडं वाढतं, नाकारत नाही. पण हावरटपणे पाणी मारणाऱ्याच्या चाळण्याच बुजतात.

पुढे दाणा खाचा पाडलेल्या दोन रुळांमधून जातो. एक रूळ दुसऱ्याच्या साधारण अडीचपट वेगाने फिरतो, त्यामुळे दाणा नुसता चिरडत नाही, फाकतो. अंबडच्या एका मिलमध्ये ऑपरेटरने शेवटच्या चाळणीवरचा कोंडा माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढे पातळ, तांबूस पापुद्रे. एक उजेडात धरला, तर पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. पांढरं जवळजवळ काहीच चिकटलेलं नव्हतं.