सूनिओचं देऊळ बघताना: सहलीला येणाऱ्यांसाठी थोडी माहिती

अथेन्सहून किनाऱ्याकिनाऱ्यानं आग्नेयेकडे सुमारे ७० किलोमीटर गेलं की जमीन संपते. त्या टोकाला, समुद्रापासून साधारण ६० मीटर उंच कड्यावर, पोसायडन या समुद्रदेवाचं भग्न देऊळ उभं आहे. जागेचं नाव सूनिओ.

पूर्वी आम्ही गट घेऊन ऐन सूर्यास्तालाच पोचायचो. फोटो सुरेख यायचे, पण देऊळ बघायचं राहून जायचं. परतताना बसमध्ये एका काकूंनी विचारलं, "मुळात खांब होते तरी किती?" कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून आपण दोन तास आधी पोचतो.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर: बाहेरच्या बाजूला ३४. आज त्यातले निम्मेही उभे नाहीत. आधीचं देऊळ इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजांनी पाडलं आणि त्याच जागी, इ.स.पू. ४४० च्या आसपास, हे बांधलं गेलं. म्हणजे अथेन्समध्ये पार्थेनॉनचं, अथेना देवीच्या प्रसिद्ध देवळाचं, काम चालू होतं तेव्हाच.

आता एक करा. एका खांबासमोर उभं राहून त्याच्यावरच्या उभ्या पन्हळी मोजा. पार्थेनॉनच्या बाहेरच्या खांबांना २० असतात, इथे १६ च. इथला संगमरवर जवळच्या आग्रिलेझाच्या खाणीतला, तुलनेनं मऊ. पन्हळी कमी आणि रुंद ठेवल्या की खाऱ्या वाऱ्यानं दगडाची झीज कमी होते, असं जाणकार सांगतात. या दगडात लोह जवळजवळ नाही, म्हणून पार्थेनॉनसारखी सोनेरी झाक त्याच्यावर चढली नाही. तो अजून पांढराच आहे. संध्याकाळी जो रंग दिसतो तो निव्वळ उन्हाचा!

कड्याच्या कडेला उभं राहिलात की अथेन्सचा राजा एजियस याची दंतकथा आठवा. मुलगा थीसियस क्रीट बेटाहून जिंकून परतला, पण ठरल्याप्रमाणे जहाजाची काळी शिडं बदलून पांढरी लावायला विसरला. मुलगा गेला असं समजून राजानं समुद्रात उडी घेतली, म्हणून हा एजियन समुद्र. काही जुन्या कथांत ही उडी अथेन्समधल्या अ‍ॅक्रॉपोलिस टेकडीवरून घेतलेली आहे. आम्हाला मात्र इथलीच पटते, कारण इथून येणारं जहाज फार लांबून दिसतं.

देवळाच्या आत जाता येत नाही, दोरीबाहेरूनच बघायचं. कवी बायरनचं नाव एका दगडावर कोरलेलं आहे. आपण मात्र दगडाला हातही लावायचा नाही, ही आमची मनापासून विनंती. झुडपांतून चकोर फिरताना दिसतील. कवितेत भेटलेला हा पक्षी इथे अगदी पायाजवळून जातो. त्याला खाऊ घालू नका.

वाट खडबडीत आहे, चपला नकोत, बूट घाला. वारा जोराचा असतो, तेव्हा टोपीला बांधायचा बंद हवा आणि उन्हाळ्यातही एक पातळ जाकीट. पाणी सोबत ठेवा. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे त्या महिन्यात जेवायला उशीर होतो. मधुमेह असणाऱ्यांनी खाऊचा डबा हातातल्या पिशवीतच ठेवावा, बसमध्ये नको. सूर्य बुडाला की पहारेकरी लगेच बाहेर काढतात.