बारकं बाळ: दिवस कमी की वाढ कमी?

दोन बाळं, दोघांचंही वजन १८०० ग्रॅम. एक ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं, दुसरं ३८ व्या. कोल्हापुरात घरी दोघांनाही 'बारकं' म्हणतात, पण पहिल्याचं वजन त्याच्या दिवसांना शोभणारंच आहे. दुसरं पोटातच उपाशी राहिलंय.

मुळाशी दोन्हीकडे आईचा बीपी असू शकतो. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद राहिल्या की बाळाला रक्त कमी पोचतं. बाळ तेवढंच रक्त आधी मेंदूकडे वळवतं, म्हणून डोकं वाढतं नि पोट-मांड्या सुकतात. ही झाली वाढ कमी. बीपी १६०/११० वर जाऊन गोळ्यांना दाद देईना, आईला झटके येण्याची भीती वाटली, की दिवस भरायच्या आत बाळंतपण करावं लागतं. हे झाले दिवस कमी.

गफलत होते ती तारखेत. पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यात केली तर वाढ खुंटलेलं बाळ 'दिवसांनी लहान' दिसतं, प्रसूतीची तारीख पुढे ढकलली जाते आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. जन्मल्यावर तळपाय बघा: दिवस कमी असतील तर गुळगुळीत, अंगावर मऊ लव. दिवस भरलेले असतील तर तळव्यावर रेघा ठळक, कातडी सैल, सोललेली, चेहरा म्हाताऱ्यासारखा.

दिवस कमी असलेल्याचं दुखणं फुप्फुसांचं. ३४ आठवड्यांआधी बाळंतपण होणार असं दिसलं तर आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार इंजेक्शनं देतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळही साधारण ३४ आठवड्यांपर्यंत बसत नाही, म्हणून आईचं दूध नळीनं. (सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, हे साफ खोटं. पोटातला प्रत्येक आठवडा फायद्याचाच.)

वाढ कमी असलेलं चांगलं चोखतं, त्यामुळे घरचे निर्धास्त होतात. पण यकृतात साखरेचा साठा नसतो. पहिल्या तासात अंगावर घ्या, मग दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. टाचेच्या रक्तातून साखर तपासायला नाही म्हणू नका. थरथर, लुळेपणा, दूध सोडणं ही साखर उतरल्याची खूण. लालबुंद दिसलं तर खूश होऊ नका: ऑक्सिजन कमी मिळाल्यानं रक्त दाट झालेलं असू शकतं.

थंडी दोघांनाही बाधते. गगनबावड्याहून भर पावसात कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणताना बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर नको. डोक्याला टोपी, खाली लंगोट, उघडं अंग आईच्या छातीला, वरून शाल.

डोळ्यांचा पडदा तपासायचा तो ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोखालच्या बाळाचा, ३० दिवसांच्या आत. फार लवकर, २८ आठवड्यांआधी आलेल्याचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.