बँकेच्या डोक्यावर काचेचे घुमट कशाला?

कोकणातल्या जुन्या कौलारू घरात माजघर अंधारं असतं म्हणून छपरात मधेच एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं बघा, दुपारी त्यातून उजेडाचा चौकोन जमिनीवर पडतो. लंडनच्या बिशप्सगेटवरची नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेची इमारत म्हणजे हीच आयडिया, फक्त राजेशाही थाटात. १८६५ ची इमारत, आर्किटेक्ट जॉन गिब्सन, आणि गंमत म्हणजे शहराच्या ऐन मोक्याच्या जागेवर बांधली तीपण एकमजलीच! बाहेरून मोठाले कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब, वर कठड्यावर पुतळे, पण वर मजलाच नाही.

एवढ्या महाग जागेवर मजले का नाही चढवले? थोडा श्रीमंतीचा रुबाब, ते आहेच. पण मला खरं कारण छपरात दिसतं. आतल्या हॉलवर काचेचे घुमट आहेत आणि वर मजला आला की ते गेले. तेव्हा विजेचे बल्ब नव्हते, गॅसचे दिवे होते, म्हणजे गरमी, काजळी आणि कोंदट हवा, आणि कारकुनांना दिवसभर खातेवह्यांतले बारीक आकडे वाचायचे असायचे. तीनचा आठ वाचला तर बोंबच.

आता यातलं फिजिक्स. लंडनचं आभाळ बराच काळ ढगाळ असतं आणि पूर्ण ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं, बरोब्बर डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. भिंतीतल्या खिडकीला अर्धंच आभाळ दिसतं आणि तेही कमी उजळ बाजूचं, छपरातल्या काचेला अख्खं दिसतं. त्यामुळे समोर काहीही आडवं नसलं तरी तेवढ्याच काचेवर छपरात जवळपास अडीच पट उजेड पडतो, आणि गल्लीत समोर उंच इमारत असेल तर मग खिडकीचं विचारूच नका.

हेच मुंबईत केलं असतं तर? मे महिन्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, कारकून भाजून निघाले असते. म्हणून फोर्टातल्या जुन्या ऑफिसांना काचेचं छप्पर नाही, खाली कमानींचे सावलीचे व्हरांडे आहेत, आणि कोकणातलं ते काचेचं कौलही एखाददुसरंच असतं, पुरतं तेवढं. लंडनला मात्र डिसेंबरमध्ये सूर्य दुपारीसुद्धा फक्त १५ अंश वर येतो, तिथे मिळेल तेवढं आभाळ हवंच.

पुढे १९६० च्या दशकात ही बँक पाडून टॉवर बांधायचा घाट घातला होता. विरोध झाला, प्लॅन बदलावा लागला आणि १८३ मीटरचा टॉवर शेजारी उभा राहिला. आता बँक नाही, नाव गिब्सन हॉल, तिथे पार्ट्या आणि लग्नं होतात, तीही बहुतेक रात्री, म्हणजे विजेच्या झुंबरांखाली.