रात्रभर उपाशी, तरी सकाळी शुगर वाढलेली कशी?

रात्री आठला जेवलो, नंतर पाण्याशिवाय काही नाही, तरी फास्टिंग १५०! मशीन बिघडलंय का? डायबिटीस असलेल्या घरात हा प्रश्न एकदा तरी येतोच. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं, ती साखर लिव्हरने सोडलेली असते.

मेंदूला ग्लुकोज चोवीस तास लागतं, आपण झोपलो म्हणून त्याला सुट्टी नसते, त्यामुळे लिव्हर साठवलेलं ग्लायकोजेन (म्हणजे ग्लुकोजचाच साठा) फोडून आणि थोडं ग्लुकोज नव्याने बनवून रक्तात सोडत राहतं. आता गंमत बघा, अख्ख्या शरीरातल्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! लिव्हरने हात जरा सैल सोडला की आकडा चढलाच. "बास, आता पुरे" हे लिव्हरला सांगतं इन्सुलिन. इन्सुलिन म्हणजे पेशीचं दार उघडणारी किल्ली असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते चूक नाही पण अर्धंच आहे.

टाइप २ डायबिटीसमध्ये होतं काय, तर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये चरबी साचते आणि त्यांना इन्सुलिनचं म्हणणं नीट ऐकू येईनासं होतं. मग स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आणखी जास्त इन्सुलिन बनवतात आणि अशी कित्येक वर्षं रिपोर्ट नॉर्मल येतात, आपण खूश. पेशी थकल्या की मग शुगर दिसायला लागते. या पेशी किती दमाच्या हे बरंचसं आनुवंशिक, म्हणून बारीक माणसालाही डायबिटीस होतो. टाइप १ चं प्रकरण वेगळं, तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारून टाकते, इन्सुलिन जवळपास उरतच नाही. १९२२ च्या आधी अशी मुलं फार जगत नसत, त्या वर्षी टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं.

चालायला सांगतात ते उगाच नाही. स्नायू काम करायला लागला की ग्लुकोज आत घेणारी दारं इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. आणि टाइप २ मध्ये सुरुवातीला बहुतेकदा मिळते ती मेटफॉर्मिनची गोळी? ती मुख्यतः लिव्हरमधून सुटणारी साखर कमी करते.