न्यायसभेचा बैल आणि राजाचा बकरा

नेत्याची चूक आणि तिच्यासाठी पापार्पण, म्हणजे नकळत घडलेल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून दिलेला पशुबळी, एवढ्या साम्यावरून यहुदी धर्मशास्त्रातली न्यायसभेचा बैल आणि राजाचा बकरा ही दोन अर्पणं हमखास एकाच दावणीला बांधली जातात. तोराह या यहुदी धर्मग्रंथातल्या 'लेवीय' पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात ती लागोपाठ येतात, मिश्ना या रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) जुन्या कायदेसंग्रहातल्या 'होरायोत' ग्रंथातही शेजारीशेजारीच. पण राजा बकरा आणतो तो स्वतःच्या हातून नकळत घडलेल्या कृत्यासाठी. त्यात निकालाचा काही संबंध नाही. चुकीच्या निकालाचं प्रायश्चित्त म्हणजे बैल.

बैलाच्या अटी भलत्याच किचकट. ७१ जणांच्या न्यायसभेनं निषिद्ध गोष्टीला चुकून मुभा द्यायची, बहुसंख्य लोकांनी त्यावर विसंबून ती करायची. गोष्टही साधीसुधी नको. जाणूनबुजून केली तर ईश्वराकडून उच्छेद, अशा तोलाची हवी. सभेतल्या एकानं जरी 'तुम्ही चुकताय' असं बजावलं असेल, तर बैल नाही. शिवाय चूक अर्धीमुर्धीच हवी! शब्बाथ म्हणजे काम वर्ज्य असलेला आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. 'शब्बाथ असं काही नाहीच' असा निकाल दिला तर बैल लागत नाही. 'शब्बाथ आहे, पण घरातली वस्तू रस्त्यावर नेली तर चालतं' म्हटलं तर लागतो. उफराटं वाटतं खरं. पण तोराहमध्ये धडधडीत लिहिलेलं नाकारणाऱ्याला तालमूदचं (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चाग्रंथाचं) उत्तर एकच: जा, शाळेत जाऊन वाच. असल्या निकालावर लोकांनी विसंबायलाच नको होतं.

बैल किती, यावरही वाद. रब्बी मेइर म्हणतात एक, रब्बी यहूदा म्हणतात इस्राएलच्या बारा वंशांचे १२, रब्बी शिमोन त्यात न्यायसभेचा धरून १३ करतात.

विधीही निराळे. बैलाचं रक्त मंदिराच्या आत पडद्यासमोर सात वेळा शिंपडायचं आणि धड छावणीबाहेर जाळायचं. बकऱ्याचं रक्त बाहेरच्या वेदीला, मांस याजकांना. प्रमुख याजक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी: स्वतःच चुकीचा निर्णय घेऊन स्वतःच त्याप्रमाणे वागला, तर त्यालाही बैल.

राजा मात्र गादीवर आहे तोवरच राजा. पायउतार झाल्यावर चुकला, तर साध्या माणसासारखं अर्पण. आणि राजा कोण? ज्याच्या वर ईश्वराखेरीज कुणी नाही तो. जेरुसलेमचं मंदिर ७० सालीच पडलेलं, तरी पुढे कित्येक वर्षांनी इस्राएलमधल्या यहुद्यांचे प्रमुख यहूदा हा-नासी (वरचे रब्बी यहूदा नव्हेत) यांनी रब्बी हिय्यांना विचारलं, मंदिर असतं तर मी बकरा आणला असता का? हिय्या म्हणाले, तुमचा प्रतिस्पर्धी बाबिलोनमध्ये बसलाय. तिथला यहुद्यांचा प्रमुख अधिकारानं वरचढ. म्हणजे नासींच्या वाट्याला चारचौघांसारखी शेळी नाहीतर मेंढीच.